अंगणातला टर्बो

मी गुरांची डॉक्टर आहे. राहते महाडला, दवाखाना पोलादपुरात, आणि खरं काम त्याच्याही वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी फुटणाऱ्या वाड्यांमध्ये. तिथे जायला माझ्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे. निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याकडून घेतली तेव्हाच ती चांगली मुरलेली होती. साधं इंजिन, टर्बो वगैरे काही नाही. सपाटीवर तिची तक्रार नसे. पण चढ लागला, मागे लसींची पेटी, कृत्रिम रेतनासाठी लागणारा नायट्रोजनचा जड कंटेनर, दोरखंड आणि वाटेत हात दाखवून बसलेली दोन-तीन माणसं असली, की ती दुसऱ्या गिअरवर यायची, मग पहिल्या, आणि काळा धूर सोडत माणसाच्या चालीने वर सरकायची. कधी कधी मागची माणसं उतरून चालू लागत आणि माझ्या आधी वाडीत पोचत. जुनी गाडी म्हणजे अशीच असणार, असं मी धरून चालले होते.

एका मार्चमध्ये लाळ-खुरकुताची लस घेऊन वर जाताना ती एका वाडीखालच्या वळणावर थांबलीच. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. पेटीतला बर्फ वितळायच्या आत लस वर पोचायला हवी होती. मी चावी फिरवून इंजिन बंद करणार एवढ्यात वरच्या बांधावरून आवाज आला, "बाई, बंद नका करू. जरा चालू ऱ्हाऊ द्या."

पासष्टीच्या पुढचा एक माणूस उतरून आला. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. मागे गेला, धुरात हात धरला, बोटं चोळून वास घेतला.

"काळा धूर कशाचा, ठाव हाय?"

"डिझेल जास्त जातंय म्हणे. गॅरेजवाला म्हणतो पंप बघायला हवा."

"पंपाला काय नाय झालेलं. चढाला तुम्ही पाय दाबता, डिझेल जातं, पन हवा तेवढीच ऱ्हाते. मंग अर्धं डिझेल जळतं, अर्ध्याचा धूर. इंजिन बरं हाय तुमचं. त्याला हवा पुरत नाय." मग वरच्या घराकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मी थितं ओट्यावर बसून रोज आयकतो. खालच्या मोरीपर्यंत गाडी बरी असते. फणसापाशी तिचा दम जातो."

मला ओशाळल्यासारखं झालं. तीन वर्षं मी ती जीप चालवत होते, आणि ती नेमकी कुठल्या झाडापाशी दमते हे मला सांगता आलं नसतं.

या माणसाला वाडीत सगळे बोटीवरचा काका म्हणत. पंचविशीत गाव सोडून मुंबईला गेला, तिथून बोटीवर, आणि तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढून परत आला. मीही त्यांना काका म्हणू लागले. त्या दिवशी लस कशीबशी वेळेत वर पोचली. पुढच्या आठवड्यात ते माझी वाट बघत रस्त्यावरच उभे होते. म्हणाले, "टर्बो बसवायला पायजे."

मी हसले. महाडच्या गॅरेजवाल्याला विचारलं तर तोही हसला. "मॅडम, या म्हाताऱ्या इंजिनाला टर्बो? हेड उडेल." मी ते तसंच्या तसं काकांना सांगितलं. त्यांना राग आला नाही. "खरं बोलतो तो. हवा लय कोंबली तर उडलंच. आपन थोडी द्यायची. याच इंजिनाची टर्बोवाली गाडी कंपनीनं मागनं काढलीच की. तिचाच घालायचा."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काकांनी बहुधा ते हो धरलं. दोन आठवड्यांनी त्यांनी निरोप पाठवून बोलावलं. अंगणात काकी कुळीथ पाखडत बसल्या होत्या. काकांच्या मांडीवर तांदळाची रिकामी गोणी, आणि गोणीत गुंडाळलेली बिडाची एक वस्तू, गोगलगायीच्या दोन शंखांना पाठीला पाठ लावून जोडावं तशी. कशेडी घाटाच्या पायथ्याशी एका भंगारवाल्याकडे अपघातात चेपलेली जीप पडली होती. एसटीने जाऊन काका तिच्यातला टर्बो घेऊन आले होते.

त्यांनी तो माझ्या हातात दिला. एका शंखाच्या तोंडातून आत बघितलं तर ॲल्युमिनियमचं एक चाक दिसलं. मोदकाएवढं, आणि मोदकाच्या कळ्या पाडताना बोट जरा तिरकं फिरवावं तशा त्याच्या पाती.

"फुंका," काका म्हणाले.

मी हळूच फुंकले. चाक फिरायला लागलं. काही आवाज नाही, अडखळणं नाही. माझी फुंकर संपली तरी ते फिरतच राहिलं. पलीकडच्या शंखात बघितलं तर तिथलं काळं, जळकं चाकही त्याच दांड्यावर फिरत होतं.

"ह्या अंगानं इंजिनाचा धूर येतो. टाकाऊ, गरम. तो जाता जाता हे काळं चाक फिरवतो. काळं फिरलं की पांढरं फिरतं. पांढरं भायेरची हवा ओढतं आनि इंजिनात दाबून भरतं. धुराला एवीतेवी जायचंच असतं. जाता जाता तो नव्या हवेला आत ढकलून जातो."

"किती वेगाने फिरतं?"

"मिनिटाला लाखाच्या वर."

"लाख?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मग त्याला धरून कोण ठेवतं?"

"तेल. दुसरं काय नाय. दांडा चालू असताना कशालाच टेकत नाय. तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो."

मी ते मोदकाएवढं चाक बघत राहिले. मी शिकलेली बाई आहे. फुफ्फुसं कापून पाहिली आहेत, हृदयाचे ठोके रोज मोजते. तरी माझ्या जीपने सोडलेल्या धुरात एवढी ताकद असेल आणि ती मी इतकी वर्षं घाटात उधळत आले असेन, हे डोक्यात मावेना. काका म्हणाले, "बोटीवरचा माझ्यापेक्षा उंच असायचा. आत वाकून शिरायचो साफ करायला." ते सांगताना त्यांनी आवाज आपोआप खाली आणला होता.

"बसवू या," मी म्हटलं.

आरटीओच्या परवानगीचे कागद मी आधी करून घेतले. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त हेलपाटे. मग चार रविवार जीप काकांच्या अंगणात उभी राहिली. टर्बो बसेल असा धुराचा नळ त्याच भंगारातल्या जीपचा मिळाला. दोन पाइप पोलादपुरात वेल्डिंग करून आणले. टर्बोला तेल द्यायला इंजिनातून एक बारीक नळी काढली, आणि ते तेल परत खाली तेलाच्या टाकीत सोडायला दुसरी.

प्रत्येक सुटा भाग काका रॉकेलमध्ये धूत. त्यासाठी काकींची जुनी परात गेली, आणि त्यावरून दोन दिवस अबोला झाला. इंजिनाचं जे जे तोंड उघडं असे त्यात ते स्वच्छ फडक्याचा बोळा घालत आणि भिंतीवर कोळशाने एक रेघ मारत. काम संपलं की बोळे काढत आणि रेघा पुसत. मी ते बघून थबकले. आम्ही गुरांचं पोट उघडतो तेव्हा कापसाचे बोळे असेच मोजून घालतो आणि मोजून काढतो. मला हे कॉलेजात शिकवलं होतं. त्यांना समुद्रावर कोणीतरी शिकवलं होतं.

चौथ्या रविवारी दुपारी त्यांनी मला चावी फिरवायला सांगितली. इंजिन सुरू झालं. पाय हलकेच दाबला तर नेहमीच्या घरघरीखालून एक बारीक शीळ वर आली. काकांचा चेहरा उजळला. आणि मग मागून निळा धूर यायला लागला. आधी थोडा, मग एवढा की अंगण, गोठा, आंब्याचं झाड काही दिसेना. गोठ्यातली गाय दावं ओढायला लागली. काकी पदर नाकाला लावून बाहेर धावल्या. "अवं, घर पेटवताव काय!"

मी इंजिन बंद केलं. धूर विरायला बराच वेळ लागला. विरला तेव्हा काका पायरीवर बसलेले दिसले. हात गुडघ्यांवर, तळवे वर.

"काय झालं काका?"

मी बॉनेट उघडलं. सगळं तेलाने माखलेलं. मला जीपची भीती वाटली, उद्याच्या फेरीची काळजी वाटली, आणि खोटं कशाला सांगू, रागही आला.

"तीस वर्षं तुम्ही हेच केलं ना?"

"बाई, मी टर्बो बसवलेला नाय कधी," ते म्हणाले. "पुसलेला हाय. तेल दिलेलं हाय. नट ढिले करून दिलेत, टॉर्च धरलेली हाय. बसवायचा तो इंजिनियर. मी ऑइलमन. आमाला हात लावायचा हुकूम नवता. मी बघायचो."

समोरचा माणूस फसवा नव्हता. मीच कधी विचारलं नव्हतं. आणि रागाच्या जागी हळूहळू दुसरंच काही येऊ लागलं. नुसतं बघून? टॉर्च धरून, दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून या माणसाने एवढं सगळं डोक्यात उतरवून आणलं होतं, आणि पहिल्याच खेपेला शीळ वाजेपर्यंत मजल मारली होती.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. माझ्या पहिल्या म्हशीची गोष्ट सांगितली. पोट कापून रेडकू काढायचं होतं. त्याआधी वीसेक वेळा मी नुसते पाय धरले होते, प्रकाश धरला होता. ज्या दिवशी एकटीवर आलं त्या दिवशी सुरी हातात घेतल्यावर कुठून सुरुवात करायची हेच क्षणभर आठवेना.

"जगली म्हैस?" काकांनी विचारलं.

"म्हैस जगली. रेडकू नाही."

मग काका उठले, जीपखाली पाठीवर सरकले आणि पाचेक मिनिटांनी खालूनच बोलले, "घावलं."

तेल परत नेणारी नळी स्टिअरिंगच्या दांड्याला लागू नये म्हणून त्यांनी ती खाली वाकवून पुन्हा वर घेतली होती. टर्बोतून निघालेलं तेल कोणी ढकलत नाही, ते आपल्या वजनाने पडतं. वाकात ते साचलं, टर्बोत तुंबलं आणि जागा मिळेल तिकडून धुराच्या नळात शिरलं. "तेल चढनार कसं? त्याला पडायला पायजे," काका स्वतःवरच चिडून म्हणाले.

"न्हाणीच्या मोरीचा पाइप पन यांनी असाच घातलावता," काकी मला म्हणाल्या. "पावसाळाभर पानी घरात."

तो आठवडा मी एसटीने फिरले. पुढच्या रविवारी तेलाच्या टाकीला वरच्या अंगाला नवीन भोक पाडलं, रुंद, सरळ उताराची नळी घातली. चावी फिरवली. निळा धूर दहा मिनिटं आला, राहिलेलं तेल जळेपर्यंत, आणि मग थांबला. काका अर्धा तास एका फडक्याने प्रत्येक जोड पुसत आणि फडकं उजेडात धरून बघत राहिले. फडकं कोरडं होतं.

"आता घाट," ते म्हणाले.

दुपार कलली होती. मागे आम्ही पशुखाद्याच्या सहा गोण्या टाकल्या, कारण रिकाम्या गाडीला काय कळणार. काकी म्हणाल्या, मीपण येते, आणि गोण्यांवर जाऊन बसल्या. काका माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. आधी खाली पोलादपूरपर्यंत गेलो, आणि तिथून परत फिरून चढ धरला.

मोरी आली. माझा हात सवयीने गिअरवर गेला.

"नका टाकू," काका डोळे न उघडता म्हणाले. "जरा थांबा. त्याला येऊ द्या."

मी पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती शीळ आली, खालून वर चढत गेली, आणि पाठीमागून कोणीतरी मोठ्या तळहाताने उचलून धरावं तशी जीप पुढे निघाली. तिसऱ्या गिअरवर. सहा गोण्या आणि एक काकी घेऊन. फणसाचं झाड समोर आलं, बाजूला आलं आणि मागे गेलं. मी आरशात बघितलं. मागे रस्ता दिसत होता. त्या वळणावर मला आरशात रस्ता आजवर कधी दिसला नव्हता, कायम धूरच असायचा.

ज्या चढाला मी इतकी वर्षं भीत होते तो काही मोठा नव्हता. इंजिन तेच, पिस्टन तेच, घाट तोच. पोटभर हवा मिळाल्यावर ती म्हातारी जीप तरुणासारखी वळणं घेत होती. वाडीतली माणसं बांधावर येऊन उभी होती. आम्ही थांबलो नाही. वळणामागून वळण घेत, दरी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे थेट घाटमाथ्यापर्यंत गेलो.

तिथे मी गाडी कडेला घेतली. चावीकडे हात नेला तर काकांनी अडवलं. "दोन मिनिटं चालू ऱ्हाऊ द्या. चाक अजून जोरात फिरतंय. इंजिन बंद केलं तर तेल बंद. तापलेला दांडा कोरडा पडंल. जरा शांत होऊ दे त्याला." दोन मिनिटं आम्ही तिघं शीळ उतरताना ऐकत होतो.

मग काकांनी बॉनेट उघडलं. धुराच्या नळाजवळ हात नेववत नव्हता, इतकी धग. पण त्याच टर्बोची हवेकडची बाजू कोमट होती. एका बाजूला जाळ आणि वीतभर अंतरावर बोट ठेवता येईल असं अंग, मधे फक्त तेलाचा पापुद्रा. काकांनी पुन्हा फडकं फिरवलं. कोरडं. मग ते कठड्यापाशी गवतात जाऊन बसले.

काकी खाली उतरल्या. पदराने कपाळ पुसून त्यांनी बॉनेटमध्ये बराच वेळ वाकून बघितलं. "तीस वरसं पत्रात लिवायचे, मंग फोनवर सांगायचे, इंजिन असं नि इंजिन तसं," त्या मला म्हणाल्या. "मला वाटायचं, काय असंल गो बाय त्यात एवढं? आज दिसलं." आणि त्या जाऊन नवऱ्याशेजारी बसल्या. मी मुद्दाम थोडी लांब उभी राहिले.

त्यानंतर काकांकडे तीन-चार जण आले, आमच्याही गाडीला बसवा म्हणून. त्यांनी नाही म्हटलं. माझ्या जीपला मात्र ते दर महिन्याला नट आवळायला येत. पाऊस सरता सरता असेच ते आले होते, तेव्हा सगळ्यात वरच्या वाडीतून फोन आला. म्हैस कालच व्यालेली, सकाळपासून बसलीय, उठत नाही, मान पोटाशी वळवलीय. ऐकल्याबरोबर मी काय ते ओळखलं. अशा वेळी तास-दोन तासांत जनावर हाताबाहेर जातं. "येता का?" मी काकांना विचारलं, कारण बाटली धरायला कोणीतरी हवं होतं.

पूर्वी ज्या वाटेला तास लागायचा तिथे अर्ध्या तासात पोचलो. गोठ्यात म्हैस पडून होती. कान थंडगार, नाकपुडी कोरडी, डोळ्यांत काही ओळख नाही. घरातली बाई खांबाला टेकून उभी होती. मी कॅल्शियमची बाटली गरम पाण्यात कोमट केली, मानेतली शीर धरली, सुई घातली आणि बाटली काकांच्या हातात दिली. "एवढ्याच उंचीवर धरा. वर नको. वेगाने गेलं तर हृदय बंद पडेल." आणि मी कानाला नळी लावून ठोके ऐकत बसले.

बाटली निम्मी झाली तेव्हा म्हशीच्या मांडीचं कातडं थरथरलं. मग तिने ढेकर दिला. नाकपुडीवर दव पडावं तसे थेंब आले. बाटली संपली, मी सुई काढली आणि सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. पंधरा मिनिटं गेली असतील. म्हशीने शेण टाकलं, मान सरळ केली, मागचे पाय गोळा केले, एकदा धडपडली आणि उभी राहिली. उभी राहून रेडकाकडे बघून रेकली.

काका रिकामी बाटली तशीच वर धरून उभे होते.

"काय होतं ह्यात?" त्यांनी विचारलं.

"चुना म्हणा ना. दुधात सगळा उतरून गेला होता, रक्तात उरला नव्हता."

"चुना," ते म्हणाले. "आनि मेलेलं जनावर उठलं?"

"मेलेलं नव्हतं काका."

"मी बघितलं ना बाई. मेलेलंच होतं." मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. शीर कशी सापडते, किती वेगाने सोडायचं, ठोका चुकला तर कसं कळतं, पहिल्यांदा हे कोणाला सुचलं असेल. मला येत होती तेवढी उत्तरं मी दिली.

निघताना त्या घरच्या बाईने चीक भरून एक छोटी कासंडी आणून दिली. काकांनी ती मांडीवर घेतली, तोंडावर टॉवेल बांधला आणि सगळा उतार दोन्ही हातांनी धरून ठेवली. वळणावर मी जरा जोरात वळले की ते म्हणत, "हळू बाई, सांडंल." त्या संध्याकाळी काकींनी वेलदोडा घालून खरवस केला, आणि आम्ही तिघांनी तो गरम असतानाच खाल्ला.